थट्टेच्या बातम्या आणि आपण: शनिवारच्या बैठकीत वारंवार विचारले गेलेले प्रश्न

इंदूरला रामबागेतल्या आमच्या छोट्या वाचनालयात गेल्या पावसाळ्यात सलग चार शनिवार आम्ही टीव्हीवरच्या राजकीय थट्टेवर बोलत बसलो. पंधरा-वीस माणसं, एक उसना प्रोजेक्टर आणि पडदा म्हणून वहिनींची पांढरी चादर. बोलायचं काम माझ्याकडे होतं. नंतर तेच तेच प्रश्न फोनवर, जिन्यात, भाजीवाल्याच्या गाडीपाशी येत राहिले, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते. मतं माझी आहेत, वाचनालयाची नव्हेत. समितीतले दोघे तर तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

थट्टेच्या बातम्या म्हणजे नकलाच ना?

नकलाकार नेत्याचा आवाज उचलतो, मान हलवायची लकब उचलतो, आणि आपण त्या माणसाला हसतो. थट्टेच्या बातम्यांत सोंग असतं वृत्तनिवेदकाचं. तेच टेबल, तोच कोट, मागे तशीच भडक पाटी. बातमी मात्र त्या दिवशीची खरीच असते, खोटा असतो तो चेहऱ्यावरचा गंभीरपणा.

त्यातलं मुख्य हत्यार म्हणजे जुनं चित्रण. मंत्री आज काय म्हणाले ते दाखवायचं, मग हेच मंत्री विरोधी बाकांवर असताना काय म्हणाले होते ते दाखवायचं, आणि निवेदकाने एक अक्षर न बोलता कॅमेऱ्याकडे बघत राहायचं. अमेरिकेतला 'द डेली शो' १९९६ मध्ये सुरू झाला आणि १९९९ मध्ये जॉन स्टुअर्टने तो हाती घेतल्यावर हे तंत्र घासूनपुसून लख्ख झालं. त्यांच्या कचेरीत दिवसभर वृत्तवाहिन्या रेकॉर्ड होत असत. म्हणजे विनोदाच्या मागे कारकुनी आहे, आणि भरपूर आहे.

हे अमेरिकेचं खूळ. आपल्याकडे कुठे होतं असलं काही?

अमेरिकेचंही म्हणता येत नाही. बीबीसीने १९६२ मध्ये 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी गुंडाळलं. कारण दिलं ते असं की येणारं १९६४ हे निवडणुकीचं वर्ष आहे. (हे वाचून आमचे एक काका म्हणाले, "मग आपल्याकडे कधीच सुरू होणार नाही. दर वर्षी कुठे ना कुठे निवडणूक असतेच.") ब्रिटनमध्ये १९८४ पासून 'स्पिटिंग इमेज'च्या रबरी बाहुल्या आल्या, १९८८ पासून फ्रान्समध्ये 'ले गिन्योल'च्या.

आपल्याकडे जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो' १९८९ मध्ये दूरदर्शनवर आला. दहाच भाग, पण ठेकेदार, बिल्डर, सरकारी टेलिफोन असं सगळं त्यात होतं, आणि तेही सरकारच्याच वाहिनीवर. त्याच्याही आधी तमाशातली बतावणी होती. सोंगाड्या पाटलाला पाटलासमोरच चिमटे काढायचा आणि पाटील हसत हसत दौलतजादा करायचा.

माळव्याला तर थट्टेचं व्यसन आहे. रंगपंचमीच्या तोंडावर आपल्याकडे बजरबट्टू संमेलन भरतं, उज्जैनला १ एप्रिलला टेपा संमेलन, आणि तिथे भल्याभल्यांना टोप्या घालून गाढवपणाचे मानकरी करतात. हिंदीतले मोठे व्यंग्यकार शरद जोशी उज्जैनचे, टीव्हीवरची 'ये जो है जिंदगी' त्यांनीच लिहिली. तेव्हा थट्टा परकी नाही. फरक एवढाच की संमेलन वर्षातून एकदा होतं, दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या दुकानावर. टीव्हीवरची थट्टा रोज असते, त्यामुळे तिची सवय होते, आणि सवयीबरोबर तिच्यावर भरवसाही बसू लागतो.

हे कार्यक्रम पाहून राजकारण खरंच कळतं का?

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हा, आणि उत्तराला सगळ्यात जास्त फाटे फुटतात तेही याच्याच.

अमेरिकेत २००४ च्या निवडणुकीत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग केंद्राने पाहणी केली. 'द डेली शो' पाहणाऱ्यांना उमेदवारांच्या भूमिकांवरच्या प्रश्नांची उत्तरं जास्त बरोबर देता आली, आणि शिक्षण, पक्षाची आवड वगैरे हिशेबात धरूनही फरक उरला. प्यू या संस्थेच्या २००७ च्या पाहणीतही हे प्रेक्षक सर्वाधिक माहीतगारांमध्ये होते. हे आकडे दाखवल्यावर आमच्याकडची तरुण मंडळी खुशीत आली, जणू वर्तमानपत्र बंद करायचा परवानाच मिळाला.

पण कार्यक्रम पाहून लोक शहाणे झाले, की शहाणी माणसंच असला कार्यक्रम लावतात? पाहणीतून ते सुटत नाही. आमच्या दुसऱ्या शनिवारी मला जे दिसलं ते सांगते. २००८ मध्ये अणुकरारावरून डाव्यांनी केंद्र सरकारचा पाठिंबा काढला, त्या दिवसांतला बाहुल्यांचा एक हिंदी तुकडा मी लावला. सोळा जणांपैकी चौघे खदखदून हसले. चौघेही साठीच्या पुढचे, सकाळी चहाबरोबर दोन पेपर संपवणारे. बाकीचे बारा जण त्या चौघांकडे बघत होते. मग मी करार काय होता, डावे बाहेर का पडले, संसदेत मतदान कशावर झालं ते सगळं सांगितलं, दहा-बारा मिनिटं गेली, आणि तुकडा पुन्हा लावला. या वेळी कुणीच हसलं नाही, पण सगळ्यांना कळला होता.

माझं मत या खोलीत बनलं. थट्टा बातमीच्या खांद्यावर बसून येते. खाली बातमीच नसेल तर वर बसलेला दिसतो, पण कुठे चाललाय ते कळत नाही.

थट्टेने लोकांना काही शिकवलं असं एखादं ठोस उदाहरण आहे का?

आहे, आणि माझं लाडकं आहे. २०१० नंतर अमेरिकेत निवडणुकीसाठी अमर्याद पैसा गोळा करणाऱ्या 'सुपर पॅक' नावाच्या समित्या निघाल्या. कायदा इतका किचकट की वर्तमानपत्रांतले लेख तिसऱ्या परिच्छेदाला सोडून द्यावेत. स्टीफन कोल्बेर हा विनोदी निवेदक स्वतः कट्टर उजव्या निवेदकाचं सोंग घेऊन कार्यक्रम करायचा. २०११ मध्ये त्याने सरळ स्वतःचीच सुपर पॅक काढली. निवडणूक आयोगाचे एक माजी अध्यक्ष त्याचे वकील. ते दर काही दिवसांनी कार्यक्रमात यायचे, कोल्बेर विचारायचा, "असं करता येईल?" आणि ते शांतपणे म्हणायचे, येईल. उमेदवाराने आपल्याच समितीशी संगनमत करायचं नाही असा नियम होता. कोल्बेरने निवडणूक लढवायचा विचार जाहीर केला आणि समिती उचलून मित्राच्या, म्हणजे जॉन स्टुअर्टच्या हाती दिली. पडद्यावर, सगळ्यांदेखत, एका सहीनिशी. समितीकडे दहा लाख डॉलरवर पैसे जमले ते खरेच जमले.

२०१४ मध्ये ॲनेनबर्गच्याच अभ्यासकांनी लिहिलं की निवडणुकीच्या पैशाचे हे नियम कोल्बेरच्या प्रेक्षकांना गंभीर बातम्या पाहणाऱ्यांपेक्षा जास्त नीट समजले होते. मला यात नवल वाटत नाही. पुस्तकात वाचून मोदक येत नाहीत, कुणीतरी समोर पाकळ्या काढून दाखवाव्या लागतात. एकच विषय कित्येक महिने लावून धरला हेही विसरू नका. रोज नवा विषय उडवणाऱ्याने हे साधलं नसतं.

विनोद ज्याच्यावर आहे, त्याला तो कळतो का?

२००९ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठाच्या तिघा संशोधकांनी याच कोल्बेरवर अभ्यास केला. तो विनोदी आहे हे डाव्या-उजव्या दोन्ही प्रेक्षकांना मान्य होतं. पण उजव्या प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांना वाटत होतं की तो थट्टेचं फक्त नाटक करतो, मनातून तो आपल्याच बाजूचा आहे. एकच कार्यक्रम, आणि दोन्हीकडचे घरी जाताना आपलंच खरं म्हणत गेले.

घरचं उदाहरण माझ्या आत्याचं. वय ७४, लोकमान्य नगर, राजकारणात पक्की. भाच्याने घरच्या ग्रुपवर एक तुकडा टाकला, त्यात निवेदक अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत होता की आता खड्ड्यांनाही घरपट्टी लागणार. दुपारी दीडला आत्याचा फोन. "अगं, आपल्या दारातल्या खड्ड्याचे पैसे कोण भरणार? मी की समोरचे जोशी?" मी हसले. ती रागावली. मग म्हणाली, "हसतेस काय, दिवाळीत पाण्याचं बिल दोनदा आलं तेव्हाही मी आधी थट्टाच समजले होते." यावर मला काही बोलता आलं नाही.

मोठमोठेही फसतात. २०१२ मध्ये 'द अनियन' या थट्टापत्राने उत्तर कोरियाच्या किम जोंग-उनला जगातला सर्वांत देखणा पुरुष ठरवलं, आणि चीनच्या 'पीपल्स डेली'च्या संकेतस्थळाने ती बातमी ५५ छायाचित्रांसह खरी म्हणून चालवली. आत्याला हे सांगितल्यावर तिला बरं वाटलं.

अशाने लोक सगळ्याच पुढाऱ्यांना चोर समजतात आणि मत द्यायला जात नाहीत, हे खरं का?

अर्धं. २००६ मध्ये बाउमगार्टनर आणि मॉरिस या दोघा अभ्यासकांना अमेरिकेतल्या तरुण प्रेक्षकांत दोन गोष्टी एकदम दिसल्या. 'द डेली शो' पाहून उमेदवारांविषयी आणि एकूण व्यवस्थेविषयी त्यांचं मत खालावलं. आणि त्याच वेळी 'राजकारण मला कळतं' हा त्यांचा आत्मविश्वास वाढला. पहिल्या गोष्टीची सगळे चिंता करतात. मला दुसरीची वाटते, कारण त्या फेऱ्यात मी स्वतः सापडले आहे.

तुम्ही कधी फसलात?

हा प्रश्न भाच्याने सगळ्यांसमोर विचारला, तेव्हा सांगणं भाग आहे.

२०२४ ची आपली लोकसभा आठवते ना? २९ एप्रिलला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसच्या उमेदवाराने अर्जच मागे घेतला. काँग्रेसने मग 'नोटा'चं बटण दाबा असा प्रचार केला. असला प्रसंग एखाद्या विनोदी लेखकाने लिहिला असता तर निर्मात्याने 'अति होतंय' म्हणून परत पाठवला असता. १३ मे ला मतदान झालं. भाजपचे शंकर लालवाणी ११,७५,०९२ मतांच्या फरकाने निवडून आले, आणि नोटाला पडली २,१८,६७४ मतं, म्हणजे दुसरा क्रमांक नोटाचाच. देशातला तो उच्चांक होता. आधीचा बिहारमधल्या गोपालगंजचा, ५१,६६० चा.

त्या पंधरवड्यात रविवारच्या पोह्यांना आमच्या ओट्यावर दहा माणसं होती आणि मी ठणकावून सांगितलं, "नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते." शेजारचे निवृत्त तहसीलदार काका हातातली बशी खाली ठेवून म्हणाले, "कुठे वाचलंस?" मी आठवू लागले. कुठेच वाचलं नव्हतं. एका विनोदी कार्यक्रमात ऐकलं होतं, आणि टाळी इतकी जोरात पडली होती की वाक्य डोक्यात बसून गेलं.

नियम असा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालाने नोटा आला. लोकसभेला नोटा पहिला आला तरी उरलेल्यांत ज्याला जास्त मतं तो विजयी. फेरनिवडणुकीचा नियम महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये केला, तोही फक्त तिथल्या स्थानिक संस्थांसाठी. त्या विनोदवाल्याने बहुधा तोच उचलला असावा. त्याची चूक माफ, तो हसवायला बसला होता. मी मात्र मतदानाच्या तोंडावर दहा माणसांना चुकीचं सांगितलं. काकांनी पोहे संपवले, पण जिलबी घेतली नाही.

विदूषकाने बातमीदाराचं काम का करावं?

१५ ऑक्टोबर २००४ ला जॉन स्टुअर्ट सीएनएनच्या 'क्रॉसफायर'वर पाहुणा म्हणून गेला. तिथे डावा-उजवा असे दोन सूत्रधार रोज भांडायचे. त्याने विनोद करायचं नाकारून त्यांनाच धरलं: तुम्ही चर्चा करत नाही, नाटक करता, देशाचं नुकसान करता. तूही मोठ्या लोकांना सोपेच प्रश्न विचारतोस असं त्यांनी सुनावल्यावर तो म्हणाला की माझ्या कार्यक्रमाच्या आधी जो कार्यक्रम लागतो त्यात बाहुल्या खोडसाळ फोन करतात. काही महिन्यांत, जानेवारी २००५ मध्ये, सीएनएनने 'क्रॉसफायर' बंद करायचं ठरवलं.

स्टुअर्टचं ते उत्तर टाळ्याखाऊ होतं, पण मला ते पळवाटेसारखंही वाटतं. लोक तुमच्याकडे बातमी म्हणून बघू लागले की 'मी तर विदूषक' हे कुठवर चालावं?

थट्टेने सरकारी निर्णय बदलला असं कधी झालंय?

एकट्या थट्टेने, नाही. जून २०१४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन ऑलिव्हर या विनोदी निवेदकाने इंटरनेट सर्वांना सारखं मिळावं या विषयावर लांबलचक भाग केला आणि प्रेक्षकांना तिथल्या दूरसंचार आयोगाकडे मतं पाठवायला सांगितलं. तिथली यंत्रणा कोलमडली, आणि २०१५ मध्ये नियम प्रेक्षकांच्या बाजूने झाले. २०१७ मध्ये ते रद्दही झाले. तेवढं पुढचं कुणी सांगत नाही.

आपल्याकडे एप्रिल २०१५ मध्ये याच विषयावर एआयबी या विनोदी गटाच्या मुलांनी चित्रफीत केली. टीव्हीवर नव्हती ती, पण घाट ऑलिव्हरचाच. 'ट्राय'कडे, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाकडे, दहा लाखांवर ईमेल गेल्या, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये 'ट्राय'ने वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावायला मनाई केली. त्यामागे वर्षभर खपणारे वकील आणि कार्यकर्ते होते. चित्रफितीने गर्दी दारापर्यंत आणली, दार उघडलं ते त्यांनी.

हिंदी वाहिन्यांवरची थट्टा गेली कुठे?

एनडीटीव्ही इंडियावर 'गुस्ताखी माफ'च्या बाहुल्या होत्या, इंग्रजीत सीएनएन-आयबीएनवर सायरस ब्रोचाचा कार्यक्रम, 'आज तक'वर 'सो सॉरी'ची कार्टूनं. आता रात्री नऊला काय दिसतं ते तुम्हाला ठाऊक आहे. वृत्तनिवेदकच टेबलावर हात आपटतो, आठ चौकटींतली माणसं एकदम ओरडतात, मागे आगीच्या ज्वाळा. सोंग घेणाऱ्याने आता कशाचं सोंग घ्यायचं?

बाकी कारणं साधी आहेत. वाहिन्या जाहिरातींवर चालतात, जाहिरातींत सरकारी जाहिरातीही आल्या. शिवाय ज्याची थट्टा केली त्याची मुलाखत पुढच्या महिन्यात हवी असते. २०१७ मध्ये श्याम रंगीलाने एका विनोदी स्पर्धेत पंतप्रधानांची नक्कल केली, ती प्रसारितच झाली नाही. लोकांनी ती मोबाईलवर पाहिली. फेब्रुवारी २०२० मधला ऑलिव्हरचा मोदींवरचा भाग हॉटस्टारने भारतात दाखवला नाही, तोही लोकांनी दुसरीकडे पाहिला. म्हणजे थट्टा संपलेली नाही, टीव्हीवरून उठून मोबाईलवर गेली. तिथे ती तुकड्यांत येते, आगापिछा गळून.

आपण मराठी माणसं कुणाला हसतो?

मुंबईच्या पुढाऱ्यांना! हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आपल्या घरी बातम्या लागतात त्या मराठी वाहिन्यांच्या. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी, तर राजेंद्र नगरातल्या आजोबांना कोण कुठल्या हॉटेलात उतरलं तेही पाठ. त्यावरचा प्रत्येक विनोद त्यांना कळतो. पण मत आपलं इंदूरमध्ये. चौथ्या शनिवारी मी विचारलं, आपल्या महापालिकेत वॉर्ड किती? उत्तर ८५. एकाला आलं. स्वतःच्या वॉर्डाच्या पार्षदाचं नाव सहा जणांना आलं, आणि त्यातल्या दोघांनी त्याला 'नगरसेवक' म्हटलं, जो शब्द इथे कुणी वापरत नाही.

आपल्याला थट्टा कळते ती दुसऱ्याच्या अंगणातली. आपल्या अंगणाची थट्टा हिंदीत, माळवीत चालते, सराफ्यात रात्री बाराला गराडू खाताना ऐकू येते, आणि त्यातलं निम्मं आपल्या डोक्यावरून जातं.

थट्टा केली तर तुरुंगात जावं लागतं का?

मुनव्वर फारुकी या विनोदवीराचं नाव इंदूरला विसरता येणार नाही. १ जानेवारी २०२१ ला आपल्याच शहरातल्या एका कॅफेत त्याचा कार्यक्रम होता, धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीवरून त्याला अटक झाली. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने जामीन नाकारला, सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारीला अंतरिम जामीन दिला. महिन्याहून जास्त तो आत होता. तो टीव्हीवरचा नव्हता, मंचावरचा होता. पण आमच्या बैठकीत याच प्रश्नावर आवाज चढले आणि समितीतले ते दोघे उठून गेले, म्हणून घडलं तेवढंच लिहिते.

टीव्हीपुरतं सांगायचं तर १९९४ च्या केबल नियमांतली कार्यक्रम-संहिता बदनामी, खोटी सूचक कुजबुज आणि अर्धसत्यं यांना मनाई करते. सूचक बोलणं वगळलं तर थट्टेकडे उरतं काय, हा प्रश्न वकिलांना विचारा. उलट बाजूचंही एक लक्षात ठेवा. सरकारविषयीची माहिती खोटी आहे असं सरकारी कक्षानेच ठरवायचा २०२३ चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला, आणि अर्जदारांत कुणाल कामरा हा विनोदवीर होता.

मुलांना दाखवावं का?

दाखवा, पण सोबत बसा. आणि तुम्हालाच संदर्भ ठाऊक नसेल तर आधी पेपर काढा.

क्लिप खरी की थट्टेची, कसं ओळखावं?

कोपऱ्यातलं वाहिनीचं चिन्ह बघा, तारीख बघा, तीच बातमी दुसरीकडे आहे का बघा. तरी शंका राहिली तर आत्याला फोन करा. ती आता इतकी सावध झाली आहे की गेल्या आठवड्यात तिने खऱ्या पाणीकपातीची बातमीसुद्धा थट्टा म्हणून सोडून दिली आणि दोन दिवस टाकी रिकामी राहिली.

बैठकीत चहा असतो का?

असतो. पोहे कोपऱ्यावरच्या दुकानातून येतात, जीरावन वेगळ्या पुडीत. साडेपाचपर्यंत संपतात, तहसीलदार काका पाचला येतात.